फालिजनंतर चिनी औषध द्यावे का?

फालिज म्हणा, लकवा म्हणा, अर्धांगवायू म्हणा. आमच्या भागात हा आजार घरात शिरला की पहिल्या दोन दिवसांत तीन सल्ले हमखास येतात. एक जण जंगली कबुतराचे रक्त चोळायला सांगतो. दुसरा कुठल्यातरी गावच्या जडीबुटीवाल्याचा पत्ता देतो. आता तिसराही येऊ लागला आहे, मोबाईलवर चिनी औषधाचा व्हिडिओ दाखवणारा. कबुतराबद्दल फार लिहायला नको. वाहते रक्त नापाक, आणि ते चोळून मेंदूतली गुठळी विरघळत नाही. चिनी उपचारांचे मात्र तसे एका वाक्यात उडवून लावता येत नाही. त्यात थोडे खरे आहे, बरेच अर्धवट आहे आणि काही चक्क धोक्याचे आहे.

आधी एक गोष्ट पक्की करू. हे सारे नंतरचे. तोंड वाकडे झाले, हात खाली पडू लागला, बोलणे अडखळले, तर त्या घटकेला फक्त दवाखाना. राजाखान पठाणाने बांधलेल्या आमच्या आंबागडच्या किल्ल्याखालून तुमसर, तिथून भंडारा आणि गरज पडली तर नागपूर, असा हा रस्ता आहे. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही सीटी स्कॅननंतर, कारण मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर तेच इंजेक्शन जीव घेऊ शकते. म्हणून १०८ ला फोन करायचा आणि सीटी स्कॅन कुठे होईल ते आधी विचारायचे. लक्षणे कितीला सुरू झाली ती वेळ कागदावर लिहून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तीच विचारतात.

चिनी वैद्यक आपल्याला वाटते तितके परके नाही. इराणचा वजीर रशीदुद्दीन याने १३१३ मध्ये चिनी वैद्यकाचा ग्रंथ फारसीत करवून घेतला होता. आपल्या विदर्भाचा धागा तर फार जवळचा आहे. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचे पथक युद्धग्रस्त चीनला गेले, त्यात सोलापूरचे डॉ. कोटणीस होते तसे नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांची कहाणी ख्वाजा अहमद अब्बास यांनी लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी पडद्यावर आणली. याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन सुया टोचण्याची विद्या शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी ती भारतात आणली. महाराष्ट्राने अॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला आहे. तेव्हा सुया टोचणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. सुई नवी, आपल्यासमोर पाकीट फोडलेली हवी. पेसमेकर असेल तर सुईतून वीज देऊ द्यायची नाही.

पण फालिजवर उपयोग किती? २०१६ मध्ये ३१ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, त्यांत २,२५७ रुग्ण होते. हातापायांची हालचाल आणि गिळणे यांत थोडी सुधारणा दिसली, पण चाचण्यांचा दर्जाच इतका कमी होता की ठाम निष्कर्ष काढता आला नाही. २०२४ मध्ये चीनमध्ये २५२ रुग्णांवर एक चांगली चाचणी झाली. वाचा गेलेल्यांना खऱ्या सुया आणि नकली सुया अशी विभागणी केली, तेव्हा खऱ्या सुया घेणाऱ्यांची भाषा जास्त सुधारली. आमचे मत असे, की व्यायाम आणि बोलण्याचा सराव चालू असेल, खर्च झेपत असेल, तर सोबतीला सुया घ्यायला हरकत नाही. त्यांच्यासाठी व्यायाम सोडायचा नाही.

गोळ्या-काढ्यांची गोष्ट वेगळी. आमच्या खालाजानसाठी आखाताहून एका भाच्याने मेणाच्या कवचातल्या चिनी गोळ्या पाठवल्या. प्रेमानेच पाठवल्या, महागही होत्या, आणि खालाजान सहा महिन्यांपासून एका हाताने जेवत असल्याने घरात सगळ्यांनाच त्या द्याव्याशा वाटत होत्या. नावावरून शोध घेतला. या प्रकारच्या पारंपरिक गोळीत गोरोचन आणि कस्तुरी असते, पण हिंगूळ आणि मनशीळही असते, म्हणजे पारा आणि आर्सेनिक. शिवाय चीनमध्येही ती बेशुद्धीच्या सुरुवातीच्या अवस्थेसाठी आहे, सहा महिन्यांनंतर हात उघडावा म्हणून नाही. दोन दिवस घरात वाद झाला. गोळ्या दिल्या नाहीत. भाचा थोडा नाराज आहे.

चीनमध्ये फालिजनंतर दिला जाणारा एक प्रसिद्ध काढा १८३० च्या ग्रंथातला आहे. त्यात करडईची फुले असतात, तीच आपल्या शेतातली करडई, आणि गांडूळही असते. दुसऱ्या एका कॅप्सूलमध्ये नऊ वनस्पती आणि पाच प्राणिज घटक आहेत. तिची सुमारे १,१०० रुग्णांवर चाचणी झाली, २०१३ मध्ये निकाल आला, तीन महिन्यांनी ठळक फरक दिसला नाही. मेंदूतल्या रक्तस्रावावरच्या एका चिनी औषधाची चीनमधल्याच २६ रुग्णालयांत १,६४८ जणांवर चाचणी झाली. २०२४ चा निकालही तोच. हलाल-हरामचा प्रश्न आलिमांना जरूर विचारावा, पण त्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण यांतल्या काही वनस्पती रक्त पातळ करतात. रुग्ण वॉरफरिन घेत असेल आणि त्यात दानशेन नावाची चिनी मुळी मिसळली, तर रक्तस्राव होऊ शकतो.

हिजामाबद्दलही घरोघरी विचारले जाते. सुन्नत म्हणून तिचा आदर आहेच. पण अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन चालू असताना चीर देऊन रक्त काढणे धोक्याचे आहे, आणि हिजामासाठी या गोळ्या मनाने बंद करणे त्याहून धोक्याचे. रक्तदाबाच्या गोळीचेही तसेच. रमजानमध्ये ती चुकवू नका, आजाऱ्याला रोज्याची सवलत आहे.

खालाजानचा व्यायाम साधा आहे. नर्सने भंडाऱ्यात शिकवला तो दिवसातून तीनदा. अधू हाताने तसबीहचे मणी सरकवायचे, परातीतल्या धानातून खडे वेचायचे, चांगल्या हाताने मदत करायची नाही. नमाज खुर्चीवर बसून. पाणी पिताना ठसका लागला तर घाई करायची नाही, हनुवटी खाली घेऊन छोटा घोट. गेल्या आठवड्यापासून त्या अंगठा आणि तर्जनीत एक एक दाणा धरतात. एका परातीला अजून पाऊण तास लागतो, आणि मध्ये कोणी बोलायला आले तर त्या रागावतात.