मालक कोण? ज्याचा ईमेल चालू तो!

१९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉम या डोमेनचे पैसे भरायला विसरली, हॉटमेल अडकलं आणि एका बाहेरच्या प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरून ते सोडवलं, हा किस्सा एव्हाना सर्वांना पाठ आहे. डोमेनच्या धंद्यात सपोर्ट डेस्कच्या आतल्या बाजूला बसलेल्या आम्हा लोकांना त्याचं फारसं नवल वाटत नाही. पैसे विसरणारे थोडेच असतात. नोंदणीच्या फॉर्मात आपण कोणतं नाव, कोणता फोन आणि कोणता ईमेल लिहिला होता, हे विसरणारे मात्र गावोगावी भेटतात. खरी नाटकं घडतात ती त्या तीन रकान्यांत.

यातला सर्वांत गाजलेला प्रयोग सेक्स डॉट कॉमचा. (हा परिच्छेद चारचौघांत मोठ्याने वाचू नये.) गॅरी क्रेमन यांनी १९९४ मध्ये ‘ऑनलाइन क्लासिफाइड्स’ या नावाने हे डोमेन घेतलं. पुढच्याच वर्षी स्टीफन कोहेन या, वकिलाचं सोंग घेतल्याबद्दल तुरुंगात जाऊन आलेल्या गृहस्थाने डोमेनची नोंदणी करणाऱ्या नेटवर्क सोल्युशन्स कंपनीकडे ऑनलाइन क्लासिफाइड्सच्या नावाने एक बनावट पत्र धाडलं. आम्ही क्रेमनना काढून टाकलंय, संपर्काचं नाव बदलायचं तेवढं राहून गेलं, आता डोमेन कोहेनना द्यावं, असा त्याचा मजकूर. ‘बदलायचं राहून गेलं’ ही आमच्या डेस्कवर रोज ऐकू येणारी सबब. इथे तिनेच कुलूप उघडलं. आमच्याकडे थेट इंटरनेट नाही म्हणून पत्र कोहेनच्या हाती देतोय, असंही त्यात होतं. ऑनलाइन क्लासिफाइड्सकडे इंटरनेट नाही, हे वाचूनही क्रेमनना कोणी साधा फोन केला नाही. पुढे कोर्टाने क्रेमनना साडेसहा कोटी डॉलर मंजूर केले. तोवर कोहेन मेक्सिकोत पोहोचला होता.

आपल्याकडे बनावट पत्रापर्यंत जावंच लागत नाही. दोन भावांच्या दुकानाची वाटणी झाली. गोदाम थोरल्याकडे, टेम्पो धाकट्याकडे. डोमेनवर मात्र दोघांचाही दावा. दोघांचे अर्ज आमच्याकडे आले, तेही एकाच लेटरहेडवर. नोंद उघडून पाहिली, तर मालकाच्या रकान्यात दोघांपैकी कोणीच नाही. साइट बनवणाऱ्या पोराने घाईत स्वतःचंच नाव आणि ईमेल टाकून दिला होता. त्याचं बिल ‘आज देतो, उद्या देतो’ करत दोघांनी मिळून बुडवलं होतं. वाटणीनंतर भावांनी एकत्र येऊन केलेला पहिला व्यवहार म्हणजे त्या बिलाचा चेक!

मोठ्या घरचं तरी काय वेगळं? फेब्रुवारी २००४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टच्या कर्मचाऱ्यांचा ईमेल काही तास बंद पडला. वॉशपोस्ट डॉट कॉमची मुदत संपली होती. स्मरणपत्रं गेली होती, वेळेवर गेली होती. फक्त ती ज्या पेटीत पडत होती, तिच्यावर कोणाचं लक्षच नव्हतं. वॉटरगेट उकरून काढणाऱ्या वर्तमानपत्राला स्वतःच्या टपालातली बातमी सापडली नाही.

आमच्या डेस्कवरची सर्वांत आवडती गाठ मात्र वेगळीच. एका शिक्षणसंस्थेने संपर्कासाठी संस्थेच्याच डोमेनवरचा ईमेल दिला होता. ऐटबाज दिसतो ना! ऐन प्रवेशाच्या दिवसांत डोमेनची मुदत संपली, साइट गेली आणि तिच्याबरोबर ईमेलही. नूतनीकरणासाठी लॉगिन हवं; पासवर्ड कोणालाच आठवेना; नवा पासवर्ड जाणार त्याच मेलेल्या ईमेलवर. ईमेल जिवंत व्हायला डोमेन हवं आणि डोमेनला ईमेल. मुख्याध्यापकांपासून विश्वस्तांपर्यंत सगळ्यांचे आम्हाला फोन करून झाले. शेवटी पासवर्ड सापडला तो आवक-जावक रजिस्टरच्या मागच्या पुठ्ठ्यावर. निवृत्त झालेल्या शिपाईमामांना तो आधीपासून ठाऊक होता. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

विसरणाऱ्यांचं सोडा; लोक मुद्दाम खोटी माहिती का देतात, याचं कारण २०१८ पूर्वी आम्ही डोळ्यांनी पाहत होतो. डॉट कॉमच्या नोंदीतलं नाव-गाव ‘हूइज’ या नोंदींच्या जाहीर यादीत कोणालाही दिसे. (युरोपचा खासगीपणाचा कायदा आला, तेव्हा कुठे बहुतेकांची नावं झाकली गेली.) सकाळी डोमेन घेतलं, की संध्याकाळपासून ‘सर, वेबसाइट बनवायचीय का?’ असे फोन सुरू. एका मिठाईवाल्यांनी त्यावर तोड काढली. फॉर्मात त्यांनी समोरच्या मिठाईवाल्याचा मोबाइल टाकला. वर्षभर त्रास समोरच्याला, समाधान यांना. वर्ष संपत आल्यावर मुदत संपत असल्याचे मेसेजही समोरच्यालाच गेले. त्याने ते शांतपणे वाचले, कोणाला काही बोलला नाही आणि डोमेन बाजारात मोकळं होताच स्वतःच्या नावावर घेतलं.

खोटी माहिती भरणाऱ्यांचे मूळ पुरुष म्हणून ‘न्यूक्लियर मार्शमॅलोज’ यांचं नाव घ्यावं लागेल. ऑस्ट्रेलियाच्या टेलस्ट्रा कंपनीचं नाव वापरून कोणीतरी टेलस्ट्रा डॉट ऑर्ग घेतलं आणि मालक म्हणून हे नाव लिहिलं. २००० साली प्रकरण जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या लवादापुढे गेलं. घेणाऱ्याने त्या डोमेनवर साइट उभारलीच नव्हती. नुसतं धरून बसलेल्याला वाईट हेतूचा कसं म्हणायचं, हा पेच होता. लवादाने तो सोडवताना जी कारणं दिली, त्यांत खोटं नाव आणि खोटा पत्ता ही दोन होती. काहीच न करणारा माणूस फॉर्म भरताना केलेल्या उद्योगामुळे हरला.

नियम सांगणारेही यातून सुटले नाहीत. जानेवारी २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या जुन्या इंटरनेट कंपनीचं डोमेन शनिवार-रविवार गाठून पळवलं गेलं. मालकी ऑस्ट्रेलियात, सर्व्हरच्या नोंदी ब्रिटनमध्ये, ईमेल कॅनडात! पॅनिक्सवाले ऑस्ट्रेलियाच्या रजिस्ट्रारला, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीला, गाठू पाहत होते, आणि तिथे सुट्टी. ग्राहकांना संपर्क अचूक ठेवायला सांगणाऱ्या रजिस्ट्रारांनाच पुढे नियम लागला: आणीबाणीचा संपर्क द्या आणि चार तासांत उत्तर द्या.

ग्राहकांसाठीचा कडक नियम २०१४ पासून आहे. डॉट कॉमसारखं डोमेन घेतलं, की पडताळणीचा ईमेल येतो. १५ दिवसांत त्याला दाद दिली नाही तर साइट बंद होऊ शकते. गंमत अशी, की ‘इथे क्लिक करा, नाहीतर बंद’ हा मजकूर हुबेहूब भामट्यांच्या ईमेलसारखा दिसतो. त्यामुळे बेफिकीर माणूस क्लिक करून सुटतो आणि सावध माणूस ईमेल डिलीट करून साइट घालवून बसतो.

तेव्हा वाचकहो, आज रात्री एवढं करा. लिंकवर न जाता स्वतः रजिस्ट्रारच्या साइटवर लॉगिन करा. मालकाच्या रकान्यात तुमचं किंवा संस्थेचं नाव आहे ना, ते पाहा. भाच्याचं किंवा डिझायनरचं असेल तर बदलून घ्या. ईमेल दुसऱ्या डोमेनवरचा द्या, मोबाइल चालू असलेला द्या आणि पासवर्ड कुठे आहे हे किमान दोघांना ठाऊक असू द्या. मुदत उलटून डॉट कॉम डोमेन खोडलं गेलं, की दंड भरून सोडवायला ३० दिवस मिळतात. पुढचे ५ दिवस कोणाचंच काही चालत नाही. त्यानंतर ते मागेल त्याचं.