औषध चालू आहे म्हणून दूध तोडू नका

गेल्या हिवाळ्यात आमच्या धाकट्या सुनेचा खोकला थांबेना. बाळ जेमतेम दोन महिन्यांचे. थुंकी तपासली तर टीबी निघाला. घरातल्या वडीलधाऱ्यांनी, म्हणजे आम्हीच, पहिला निर्णय घेतला तो बाळाला अंगावरून तोडण्याचा. पावडरचा डबा आला, बाटली आली. चौथ्या दिवशी बाळाला जुलाब लागले. तेव्हा सून म्हणाली, "अम्मी, गोळ्या दुधातून जातील म्हणून दूध बंद केलं. मग या बाटलीतून काय जातंय?"

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आमचीच कानउघाडणी केली. फुप्फुसाचा टीबी दुधातून नव्हे, खोकल्यातून पसरतो. म्हणून आईने तोंडाला मास्क बांधावा, खोली हवेशीर ठेवावी आणि बाळाला अंगावर पाजत राहावे. नेहमीच्या औषधांना दाद देणारा टीबी असेल, तर साधारण दोन आठवडे गोळ्या नियमित घेतल्यावर संसर्गाचा धोका बराच कमी होतो. टीबीची औषधे दुधात उतरतात, पण इतकी थोडी की बाळाला त्यांचा अपाय होत नाही आणि उपयोगही होत नाही! म्हणूनच बाळाची वेगळी तपासणी करून त्याला प्रतिबंधाचे स्वतंत्र औषध द्यावे लागते. बहुतेक घरांत नेमके हेच राहून जाते. आईला जीवनसत्त्व बी-६ची गोळीही सोबत देतात. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते. त्याला घाबरू नये. गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेचे दरमहा ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले आहेत. ते आईच्याच ताटात पडावेत.

आमची चूक अनेक घरांत वेगवेगळ्या आजारांत होते. थायरॉईडची थायरॉक्सिन, मधुमेहाचे इन्सुलिन किंवा मेटफॉर्मिन, तापाची पॅरासिटामॉल ही औषधे घेताना पाजता येते. फिट्सची गोळी तर मनाने कधीच बंद करू नये. बाळ कडेवर असताना झटका आला तर काय होईल, याचा विचार करा. आईला 'ब' प्रकारची कावीळ असेल, तर बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन द्यावे. मग दूध तोडायचे कारण उरत नाही.

काही औषधे मात्र खरोखर चालत नाहीत. कर्करोगाची बहुतेक औषधे आणि किरणोत्सारी आयोडीन चालू असताना पाजू नये. कोडीन असलेले खोकल्याचे सिरप टाळावे, त्याने बाळाला गुंगी येऊन श्वास मंदावू शकतो. आणि हो, ताकदीसाठी घेतलेले कुश्ते आणि भस्मे! त्यांत शिसे किंवा पारा असू शकतो आणि तो दुधात उतरतो. डॉक्टरांच्या गोळीला घाबरणारी आपली घरे या पुड्या मात्र निर्धास्तपणे देतात.

डॉक्टरांकडे किंवा मेडिकलमध्ये गेल्यावर पहिलेच वाक्य असावे, "मी बाळाला पाजते." बाळ अकाली जन्मलेले किंवा आजारी असेल तर तेही सांगावे. दिवसातून एकच गोळी असेल, तर ती बाळाच्या लांब झोपेच्या आधी, पाजून झाल्यावर घेता येईल का, हे विचारावे. बाळ फार सुस्त झाले, दूध ओढेना किंवा अंगावर पुरळ आले, तर लगेच दाखवावे. नांदेडजवळ विष्णुपुरीला आणि लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालये आहेत; स्त्रीरोग आणि बालरोग या दोन्ही विभागांत एकाच फेरीत विचारून घेता येते.

सूरह बकराने आईच्या दुधाची पूर्ण मुदत दोन वर्षे सांगितली आहे. स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीची भीती असलेल्या आईला रमजानचे रोजे सोडून नंतर कजा करण्याची सवलतही शरीअतने दिली आहे. तरी सहरी-इफ्तारच्या वेळा सांभाळण्यासाठी दुपारची गोळी टाळणाऱ्या सुना आम्ही पाहतो. अशा वेळी सासूनेच पाण्याचा ग्लास आणि गोळी हातात द्यावी.

आमच्या सुनेचा सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण झाला. दूध पुन्हा यायला आठवडाभर लागला. बाळाला सारखे अंगाशी लावावे लागले. पावडरचा डबा अर्धा भरलेलाच राहिला.