लेक फाइफ ते कॅम्प: पाण्यामागून एक दिवस

इंग्रजांच्या काळातलं, तळ्याकाठचं शहर बघायचं म्हणून दरवेळी उटी कशाला? रविवारी लवकर उठा, स्वारगेटहून खडकवासल्याची बस पकडा. लवकर म्हणजे खरंच लवकर, नंतर सिंहगड रोडवर नुसतं ट्रॅफिक.

आपण ज्याला 'धरण' म्हणतो, ते इंग्रजांचं 'लेक फाइफ'. कर्नल फाइफ या इंजिनिअरचं नाव. काम १८७९ साली पूर्ण झालं, ते शेतीला आणि पुण्याला, छावणीला पाणी मिळावं म्हणून. भाजलेलं कणीस, कांदाभजी आणि सेल्फी हे सगळं नंतरचं. पलीकडच्या काठावर एनडीए दिसते. पाण्यात मात्र उतरू नका, दरवर्षी कोणीतरी बुडतं.

आता समोरच्या भिंतीकडे नीट बघा. १२ जुलै १९६१ ला वरचं पानशेत धरण फुटलं. ते मातीचं, काम अजून पुरतं संपलेलंही नव्हतं. त्याचं सगळं पाणी खडकवासल्यावर आलं आणि हेही फुटलं. आमच्या भाषेत सांगायचं तर एक सर्व्हर पडला, सगळा लोड पुढच्यावर आला, तोही पडला. माझी आजी तेव्हा नारायण पेठेत राहायची. नेसत्या लुगड्यानिशी पर्वतीकडे पळालेली. ती म्हणते, पुरापेक्षा पुढचे दिवस वाईट. घरभर चिखल आणि नळाला थेंब नाही! कारण नळाचं पाणी याच तळ्यातून यायचं. बॅकअप म्हणजे जुन्या विहिरी.

परतताना मुठा कालवा पाहत या. तो पर्वतीच्या पायथ्याजवळून पुढे हडपसरकडे जातो. सप्टेंबर २०१८ मध्ये दांडेकर पुलाजवळ याचीच भिंत फुटली आणि वस्तीतल्या घरांत पाणी शिरलं. म्हणजे ही काही फक्त इतिहासाची सहल नाही.

दुपारी एम्प्रेस गार्डन. कालवा तिथे अगदी बाजूनं जातो, आणि त्या जुन्या झाडांखाली मस्त झोप लागते (मी अर्धा तास घेतली). मग कॅम्पात लाल देऊळ: डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेलं सिनेगॉग, १८६७ चं. लाल विटा, उंच मनोरा, बाहेरून पाहिलं तरी चालेल. शेवटी इराण्याकडे बनमस्का.

घरी आल्यावर आजीला धरणाचे फोटो दाखवले. तिनं झूम करायला लावलं. "तळं छान आहे रे," म्हणाली, "पण पाणी भिंतीच्या किती खाली होतं, ते सांग आधी."