उपग्रह पाऊस कसा मोजतो?

२६ जुलै २००५ चा पाऊस मुंबई उपनगरात कोणी विसरलेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला. वीस-पंचवीस किलोमीटरवरील कुलाब्यात मात्र जेमतेम ७४ मि.मी. च्या आसपास. एका गुंठ्यावर १ मि.मी. पाऊस म्हणजे सुमारे १०० लिटर पाणी, यावरून दोन्हीकडचा हिशेब आपणच करून पाहावा.

असा पाऊस आकाशातून मोजता येतो का? येतो, पण अंदाजाने. ढगाचा माथा पांढराशुभ्र दिसला म्हणजे तो बरसतोच असे नाही. म्हणून काही उपग्रहांवर सूक्ष्म लहरी (मायक्रोवेव्ह) टिपणारे उपकरण असते. भारताच्या १९७९ मधील भास्कर-१ वर तसे होते. २०११ मध्ये भारत-फ्रान्सने मेघा-ट्रॉपिक्स सोडला, तर अमेरिका-जपानचा जीपीएम उपग्रह २०१४ मध्ये गेला.

प्रत्येक वस्तू या लहरी बाहेर टाकते. समुद्र त्या थोड्या टाकतो, म्हणून उपकरणाला तो ‘थंड’ दिसतो व त्यावर पडणारे थेंब ‘उबदार’ उठून दिसतात. जमीन स्वतःच पुष्कळ लहरी टाकते, त्यात थेंब हरवतात. तेव्हा जमिनीवर ढगाच्या वरच्या भागातील बर्फकणांचा आधार घ्यावा लागतो. हे कण खालून येणाऱ्या लहरी विखुरतात. जितकी जागा थंड भासेल, तितका पाऊस जोराचा धरतात.

आपल्या कोकणपट्टीचे दुखणे नेमके येथेच आहे. समुद्रावरचे दमट वारे डोंगराला अडून वर चढतात आणि पुष्कळदा बुटक्या, बर्फ नसलेल्या ढगांतूनच मुसळधार पाऊस पडतो. उपग्रहाला तो कमी वाटतो. त्यात किनाऱ्यावर एकाच चौकटीत खाडी, समुद्र व जमीन येते. असा उपग्रह एका गावावरून दिवसात मोजक्याच वेळा जातो. अनेक उपग्रहांची मोजणी जुळवून केलेल्या नकाशाचा एक चौकोनही सुमारे १० कि.मी. चा असतो. अंधेरी ते घाटकोपर अंतर त्याहून कमी!

अरबी समुद्रावरून पाऊस कोठवर आला हे पाहण्यास हे नकाशे उत्तम. मात्र रंग फिका दिसला म्हणून भातखाचरात युरिया टाकून मोकळे होऊ नये. भाजीच्या वाफ्याजवळ सपाट तळाचा, सरळ भिंतीचा डबा ठेवा. जवळच्या झाडाच्या वा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडा. रोज सकाळी साडेआठला पाण्याची उंची पट्टीने मि.मी. मध्ये मोजून वहीत लिहा व डबा रिकामा करा. वेधशाळाही त्याच वेळी नोंद घेते, त्यामुळे आपला आकडा तिच्या आकड्याशी ताडून पाहता येईल.