साठीनंतरची शिकार

शिकारकथा वाचताना डोळ्यांपुढे उभा राहणारा शिकारी बहुधा तिशीतला असतो. पीळदार दंड, तीक्ष्ण नजर, दिवसभर डोंगर चढूनही न दमणारे पाय. जिम कॉर्बेटचं चित्रही आपण असंच मनात रंगवून ठेवलेलं असतं. पण त्याची जन्मतारीख समोर ठेवून त्याच्या शिकारी पुन्हा वाचल्या, की ते चित्र पुसून नव्याने काढावं लागतं. २५ जुलै १८७५ रोजी तो नैनीतालला जन्मला. चंपावतची वाघीण त्याने १९०७ साली मारली, तेव्हा तो खरोखरच तरुण होता. पण रुद्रप्रयागचा बिबट्या पडला मे १९२६ मध्ये, म्हणजे कॉर्बेटने पन्नाशी ओलांडल्यावर. तल्ला देसच्या वाघिणीच्या वेळी तो ५३ वर्षांचा होता, चौगढच्या वाघिणीच्या वेळी ५४ आणि ठाकच्या वाघिणीच्या वेळी ६३. त्या काळी सरकारी नोकर पंचावन्नला निवृत्त होऊन घरी बसत. हा माणूस त्या वयात एकटा, पायी, माणसं खाणाऱ्या जनावरांच्या मागावर होता.

उतारवयात हिंस्र जनावराची शिकार हा विषय म्हणूनच मला निव्वळ साहसाचा वाटत नाही. त्यात शरीराचा हिशेब आहे आणि त्याहून मोठा जबाबदारीचा.

आधी शरीराचं बोलू. चाळिशी लागली की डोळ्याचं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं अंधुक दिसू लागतं, हे चष्मा लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दुर्बीण नसलेल्या रायफलवर नेम धरताना तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात: डोळ्याजवळची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि समोरचं जनावर. तरुण डोळा या तिन्हींवरून इतक्या झरझर फिरतो की तिन्ही एकदम स्पष्ट दिसल्यासारखी वाटतात. साठीच्या डोळ्याला खाच पुसट दिसते, संध्याकाळच्या उजेडात माशीही विरघळते. चष्मा लावावा तर पावसात, धुक्यात, घामात काच धुरकटते. खांद्याचंही तसंच. हत्ती किंवा रानरेडा थांबवू शकणाऱ्या रायफलचा धक्का हलका नसतो, आणि झिजलेल्या सांध्याला तो दिवसेंदिवस जड जातो. मग बार काढण्याआधीच अंग आकसतं आणि नेम चुकतो. बिथरलेला आफ्रिकी रानरेडा तीस मीटरवरून अंगावर यायला दोन-तीन सेकंद लागतात. मेंदूने ओळखायचं, हाताने उचलायचं, बोटाने चाप ओढायचा, एवढं सगळं त्यात बसवायचं असतं, आणि वय त्या सेकंदांतलाच थोडा थोडा वेळ खात जातं.

कानाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण तिथे कॉर्बेटचंच उदाहरण आहे. जंगलात आवाज कुठून आला हे दोन्ही कानांच्या मेळातून कळतं. एका कानाला तो किंचित आधी आणि किंचित मोठा पोहोचतो, त्यावरून मेंदू दिशा ठरवतो. एक कान गेला की आवाज ऐकू येतो, पण दिशा हरवते. भेकर ओरडलं ते डाव्या नाल्यातून की मागच्या उतारावरून, हे नरभक्षकाच्या मागावर असलेल्या माणसाला कळलं नाही, तर त्याचं काय होईल हे सांगायला नको. हत्तीवरून चाललेल्या एका शिकारीत भारी रायफलचा बार कॉर्बेटच्या अगदी कानाशी उडाला. पडदा फाटला, आतल्या भागाला इजा झाली आणि पुढे आत गळू धरलं. १९२९ च्या एप्रिलमध्ये तो तल्ला देसला गेला तो या अवस्थेत. डोकं आणि मान सुजलेली, डावा डोळा सुजेने बंद. सकाळी त्याने दोन मोठे बच्चे टिपले आणि त्यांच्या आईवरही गोळी झाडली. वाघीण जखमी होऊन निसटली.

इथे दुसरा कोणीही परत फिरला असता आणि कोणी त्याला दोष दिला नसता. कॉर्बेट मागावर राहिला. दिवसामागून दिवस, एका डोळ्याने ठसे वाचत, एका कानाने जंगल ऐकत, चक्कर येत असताना. अखेर एका रात्री झाडावर असताना ते गळू फुटलं आणि वेदना उतरली, तेव्हा कुठे काम थोडं सुसह्य झालं. वाघीण त्याने शोधली आणि संपवली. ही हकीकत त्याने ग्रंथरूपात आणली ती थेट १९५४ साली, म्हणजे पाव शतकानंतर, आयुष्याच्या अगदी शेवटी.

त्याला परत का फिरता येईना, याचं उत्तर नरभक्षकांच्या शरीरावरच लिहिलेलं होतं. चंपावतच्या वाघिणीच्या उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे तुटलेले होते, आणि तुटले होते ते कोणाच्या तरी जुन्या गोळीने. तिच्या नावावर ४३६ बळी. रुद्रप्रयागच्या बिबट्याच्या पायावर जुन्या गोळीची खूण होती. त्याचे नोंदलेले बळी १२५. ठाकच्या वाघिणीच्या अंगावर दोन जुन्या जखमा निघाल्या, त्यातली एक चिघळलेली. मुक्तेसरच्या वाघिणीचा एक डोळा साळिंदराने घालवला होता, हा अपवाद. चंपावत आणि ठाकच्या बाबतीत कुणीतरी हौसेने बार काढला, जनावर जखमी झालं, आणि तो कुणीतरी चहा घ्यायला घरी निघून गेला. त्याची किंमत पुढची कित्येक वर्षं गवत कापायला गेलेल्या बायकांनी आणि गुरं राखणाऱ्या पोरांनी चुकवली.

म्हणून माझ्या मते उतारवयातल्या शिकाऱ्याला विचारायचा प्रश्न ‘नेम लागतो का’ हा नाहीच. नेम पुष्कळांचा लागतो, ऐंशीव्या वर्षीही लागतो. जनावर जखमी होऊन झुडपात शिरलं तर आत कोण जाणार, हे त्याने आधी सांगावं. स्वतः जायची ताकद उरली असेल तर त्याने खुशाल बंदूक उचलावी. दुसऱ्याला पाठवणार असेल तर त्याने ती उचलू नये.

या एका प्रश्नावर आपल्याकडची संस्थानी शिकार पार उघडी पडते. सरगुजाच्या महाराजांच्या नावावर अकराशेहून जास्त वाघ जमा होते आणि म्हातारपणापर्यंत तो आकडा वाढत राहिला. अशा शिकारीत वयाची अडचण येतच नसे. माचाण बांधलेलं, हत्ती सजलेला, समोरून शे-दोनशे माणसांचा हाका. वाघ बंदुकीसमोर हाकलून आणायचं काम हाकेऱ्यांचं, आणि जखमी वाघ उलटला तर पोट फाटायचं तेही हाकेऱ्याचंच. त्यांची नावं कुठल्या शिकारवहीत मोठ्या अक्षरांत लिहिलेली नाहीत. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि हा प्रकार संपला. फार उशिरा संपला, असंच मी म्हणेन.

आफ्रिकेत चित्र जास्त गुंतागुंतीचं आहे. ‘कारामोजो’ बेल हा हजारावर हत्ती मारणारा स्कॉटिश शिकारी. हलक्या रायफलीने, हत्तीच्या डोक्याची रचना अभ्यासून तो नेम धरे. उत्तरायुष्यात हत्तींची शिकार सोडून तो स्कॉटलंडला स्थिरावला. जे. ए. हंटरचं उलट झालं. त्याचा जन्म १८८७ चा. केनियातल्या माकुएनी भागात वाकांबा लोकांसाठी जमीन मोकळी करायची म्हणून सरकारने त्याला गेंडे मारायला नेमलं, आणि १९४४ ते १९४६ या काळात, पन्नाशीच्या अखेरीला, त्याने ९९६ गेंडे मारले. काटेरी झुडपांत, चार-सहा पावलांवरून धावून येणारे गेंडे. शरीराच्या दृष्टीने पाहिलं तर त्या वयातला हा पराक्रम अचाट आहे. तरीही ते प्रकरण वाचून मला आनंद झाला नाही. काही एकर जमिनीसाठी एवढी जनावरं संपवणं योग्य होतं का, ही शंका पुढे त्याच्याही मनात आली होती.

हॅरी सेल्बी हा तिसरा प्रकार. हा दुसऱ्यांना शिकारीला नेणारा, पेशाने शिकारी. १९२५ साली जन्मलेला, आधी केनियात आणि नंतर बोट्स्वानात. २००० सालापर्यंत, म्हणजे पंचाहत्तरीपर्यंत, तो सफारी नेत राहिला. त्याच्या .४१६ रिग्बी रायफलची ख्याती जगभर झाली. पण अशा माणसाचं खरं काम पाहुण्याची गोळी चुकल्यानंतर सुरू होतं. रानरेडा जखमी होऊन उंच गवतात शिरला की पाहुण्याला मागे ठेवून हा आणि त्याचा माग काढणारा आत जातात. रेडा वळसा घालून स्वतःच्याच मागावर येऊन दबा धरतो, त्यामुळे पुढच्या ठशांइतकंच बाजूला आणि मागेही पाहावं लागतं.

आज आफ्रिकेत पैसे भरून शिकारीला जाणाऱ्यांत साठी-सत्तरीच्या लोकांचा भरणा मोठा आहे. कारण उघड आहे: या शिकारीचा खर्च परवडेपर्यंत माणसाचं वय झालेलं असतं. केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली. टांझानिया, झिम्बाब्वे, नामिबिया इथे ती चालू आहे. बहुतेक ठिकाणी हिंस्र जनावरासाठी .३७५ च्या आसपासची रायफल ही किमान मर्यादा आहे, म्हणजे धक्क्यापासून सुटका नाही. म्हातारा पाहुणा तिकाटण्यावर रायफल टेकवतो, दुर्बीण लावतो, निम्म्या अंतरावर बार काढतो. हे शहाणपणाचंच आहे. पण त्याच्या चुकलेल्या गोळीची परतफेड करायला गवतात शिरणारा माग काढणारा बहुधा स्थानिक गरीब माणूस असतो, आणि तिथे मला पुन्हा आपले हाकेरी आठवतात. पाहुण्याने दिलेल्या पैशातून जंगल राखलं जातं, गावाला मांस मिळतं, हा युक्तिवाद मी खोटा म्हणत नाही. फक्त जीव कोणाचा पणाला लागला, हेही त्याच हिशेबात मांडायला हवं.

आता ठाक. नेपाळच्या सीमेवर, शारदेच्या काठच्या चुका गावावर डोंगरात वसलेलं हे खेडं वाघिणीच्या भीतीने ओस पडलं होतं. कॉर्बेटने मनाशी ठरवलं होतं, ही शेवटची. नरभक्षकामागे राहायला जी ताकद लागते ती आता ओसरते आहे, हे त्याला इतर कुणी सांगावं लागलं नाही. नोव्हेंबर १९३८ ची ३० तारीख ही त्याने स्वतःला घालून दिलेली मुदत. त्या संध्याकाळपर्यंत सगळे उपाय फसले होते. रात्र व्हायला थोडाच अवकाश असताना वाघिणीची हाक आली. ती नर शोधत होती. कॉर्बेटने वाघाच्या आवाजात उत्तर दिलं आणि ती जवळ जवळ येऊ लागली.

नीट बसायला जागा शोधण्याइतकाही वेळ नव्हता. त्याने एका खडकाच्या अरुंद कंगोऱ्यावर कसंबसं अंग टेकवलं. बरोबरची माणसं आणि शेळ्या खाली खडकाच्या आडोशाला. पाय धड टेकलेले नाहीत, छाती दगडाला भिडलेली, हातात .४५०/४०० दुनळी. उजेड इतका उतरलेला की आणखी काही मिनिटांत माशी दिसली नसती. वाघीण अगदी समोर आली तेव्हा त्याने दोन्ही नळ्या झाडल्या, आणि धक्क्याने तो मागे उलटून खालच्या माणसांवर आणि शेळ्यांवर जाऊन पडला. ६३ व्या वर्षी, शेवटच्या मुदतीच्या शेवटच्या उजेडात.

ही हकीकत वाचताना मला त्याच्या नेमापेक्षा त्याने मांडलेला डाव जास्त मोठा वाटतो. तरुण शिकारी पायाने अंतर तोडतो. कॉर्बेटने पायांचं काम आवाजाकडे सोपवलं. वाघिणीची हाक कशासाठी आहे, तिला कोणत्या वाटेने यावं लागेल, वारा कुठून आहे, हे पन्नास वर्षांचं ज्ञान त्या पाव तासात कामी आलं. चुकलं असतं तर मात्र सांभाळायला दुसरा कोणी नव्हता, आणि खाली माणसं होती. इतक्या अवघड जागेवरून बार काढावा का, यावर वाद घालता येईल. मला तो वाद योग्य वाटतो. तरी ती निसटली असती तर पुढचे बळी कोणाच्या खात्यावर गेले असते, हे कॉर्बेटला ठाऊक होतं.

त्यानंतर त्याने नरभक्षकाची शिकार केली नाही. जंगल सोडलं नाही. त्याच सुमारास कॅमेऱ्याने वाघ टिपायचं काम त्याने हाती घेतलं होतं. ओढ्याकाठी आडोसा करून, वाघांना जवळ आणून, त्याने सात वाघांचं चित्रण केलं. कॅमेऱ्याचा आवाज वाघाला खटकू नये म्हणून ओढ्यात छोटे धबधबे करून पाणी खळखळतं ठेवलं होतं. नेम चुकला तर इथे कोणी जखमी होणार नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धात त्याला गोचिडीच्या तापाने गाठलं आणि पुढचं आयुष्य चाकाच्या खुर्चीत जाईल असं डॉक्टरांनी सांगितलं. तो त्यातून उठला. १९४४ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा देऊन त्याला ब्रह्मदेशच्या आघाडीवर जाणाऱ्या सैनिकांना जंगलयुद्ध शिकवायला नेमण्यात आलं. हे शिक्षण चालायचं आपल्या विदर्भाला लागून असलेल्या छिंदवाड्यात. त्याच वर्षी मुंबईहून ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ प्रसिद्ध झालं. एकीकडे वाचक त्याच्या जुन्या शिकारी पहिल्यांदा वाचत होते आणि दुसरीकडे तो सातपुड्यातल्या सागाच्या जंगलात विशीतल्या पोरांना ठसा ताजा की शिळा हे कसं ओळखायचं, पाणी कुठे शोधायचं, कोणतं फळ खायचं आणि झाडावरच्या पक्ष्याची ओरड ऐकून खाली कोण चाललंय हे कसं ताडायचं, ते शिकवत होता. पुढे मलेरियाने त्याला तेही काम सोडायला लावलं. तोवर त्याच्या हाताखालून गेलेली मुलं ब्रह्मदेशात पोहोचली होती.