मराठी लघुकथेतील संसक्ती : अध्याहृत कर्त्याच्या संदर्भात

प्रस्तावना

वाक्यांचा समूह आणि संहिता यांत भेद आहे. संहितेतील वाक्ये ज्या भाषिक दुव्यांनी परस्परांशी बांधलेली असतात, त्यांस भाषाविज्ञानात संसक्ती म्हणतात. एम. ए. के. हॅलिडे व रुकय्या हसन यांनी 'कोहीजन इन इंग्लिश' (१९७६) या ग्रंथात या दुव्यांचे निर्देश, प्रतिस्थापन, लोप, संयोजन व शब्दसंसक्ती असे पाच प्रकार मांडले. हे प्रतिमान इंग्रजीच्या आधारे सिद्ध झालेले असल्याने मराठी कथेला ते लावताना कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन

इंग्रजी विधानवाक्यात कर्ता सहसा व्यक्त असावा लागतो. त्यामुळे सर्वनामांच्या आधारे पात्राचा धागा शोधता येतो. मराठीत कर्ता सहजपणे अध्याहृत राहतो. उदाहरणादाखल पुढील रचलेला उतारा पाहावा :

'सखू विहिरीवर गेली. हंडा बुडवला. घाईने परतली. दार सताड उघडे होते.'

येथे एकही सर्वनाम वा उभयान्वयी अव्यय नाही. केवळ व्यक्त दुवे मोजणाऱ्यास हा उतारा विस्कळीत ठरवावा लागेल. मराठी वाचकाला मात्र तो एकसंध वाटतो. 'परतली' हे कर्तरी प्रयोगातील स्त्रीलिंगी एकवचनी रूप सखूकडे निर्देश करते. 'बुडवला' हे रूप मात्र कर्मणी प्रयोगामुळे हंड्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. त्यात सखूची कोणतीच खूण नाही. तरीही कर्ता सखूच आहे, हे वाचक पूर्ववाक्यावरून जाणतो. दार कोणाचे, हेही 'परतली' या क्रियेवरून उलगडते.

दुसरा विशेष आदरार्थी रूपांचा. एकाच पात्रासाठी आधी 'तो' व पुढे 'ते' योजल्यास निर्दिष्ट व्यक्ती तीच राहते. परंतु निवेदकाचे तिच्याशी असलेले नाते बदलते. केवळ प्रकारांच्या तक्त्यात दोन्ही ठिकाणी 'निर्देश' एवढीच नोंद होईल आणि कथेतील वळण नोंदीबाहेर राहील.

निष्कर्ष

सारांश, व्यक्त दुव्यांची गणना हे मराठी कथेतील संसक्तीचे पुरेसे माप नव्हे. अध्याहृत कर्ता क्रियारूपावरून कळतो की पूर्वसंदर्भावरून, याची तसेच आदरार्थातील बदलाची स्वतंत्र नोंद आवश्यक ठरते. जेथे वाचकाला क्षणभर कर्ता गवसत नाही, तेथे लेखनदोष आहे की हेतुपुरस्सर योजना, हा समीक्षेचा प्रश्न अशा नोंदीनंतरच नेमकेपणाने विचारता येईल.