किब्ल्याच्या रेघा आणि वर्गातला फळा

विसाव्या शतकाच्या आरंभी इंडोनेशियात, म्हणजे तेव्हाच्या डच ईस्ट इंडीजमध्ये, इस्लामी शिक्षणाला नवे वळण देणारे अहमद दहलान यांनी मागे ठेवलेले लेखन अगदीच थोडे आहे. त्यांचे विचार समजून घ्यायचे तर त्यांनी काय शिकवले याइतकेच, शिकवलेले कृतीत यावे म्हणून त्यांनी कोणत्या व्यवस्था उभ्या केल्या, हेही पाहावे लागते.

दहलान यांचा जन्म १८६८ साली जावा बेटावरील योग्याकार्ता येथे, सुलतानाच्या मोठ्या मशिदीला लागून असलेल्या कौमान या धर्मसेवकांच्या वस्तीत झाला आणि त्यांचे मूळ नाव मुहम्मद दरविश असे ठेवण्यात आले. वडील त्या मशिदीचे खतीब, म्हणजे शुक्रवारच्या नमाजापूर्वी प्रवचन देणारे अधिकारी होते. पुढे ते पद दहलान यांच्याकडे आले आणि त्याच्या जोडीला ते बाटिक कापडाचा व्यापार करीत. मक्केतील वास्तव्यात त्यांनी सुमात्रातून तेथे स्थायिक झालेले विद्वान अहमद खतीब यांच्याकडे अध्ययन केले. इजिप्तमधील इस्लामी सुधारक मुहम्मद अब्दुह आणि रशीद रिदा यांचे विचारही त्यांच्यापर्यंत पोहोचले. पूर्वसूरींचे मत निमूटपणे स्वीकारणे म्हणजे ‘तकलीद’ आणि मूळ ग्रंथांच्या आधारे स्वतः विचार करून निर्णय काढणे म्हणजे ‘इज्तिहाद’. या दोहोंपैकी दुसऱ्या वाटेवर अब्दुह यांच्या परंपरेचा भर होता.

हा भर दहलान यांच्या जीवनात प्रथम ठळकपणे दिसला तो किब्ल्याच्या प्रश्नात. किब्ला म्हणजे नमाज पढताना ज्या दिशेला तोंड करायचे ती मक्केतील काबागृहाची दिशा. जावातील अनेक मशिदी सरळ पश्चिमेकडे तोंड करून बांधलेल्या होत्या. योग्याकार्ताहून मक्का मात्र पश्चिमेपासून सुमारे २४ अंश उत्तरेकडे आहे. गणिताने निघणारी ही दिशा दाखवण्यासाठी मोठ्या मशिदीच्या फरशीवर रेघा ओढल्या गेल्या, तेव्हा वरिष्ठ धर्माधिकारी संतापले, आणि दहलान यांनी योग्य दिशेला बांधलेले ‘लंगार’, म्हणजे वस्तीतील छोटे प्रार्थनागृह, पाडून टाकण्यात आले. उद्विग्न होऊन शहर सोडण्याच्या विचारात असलेल्या दहलान यांना आप्तांनी थांबवले आणि ते प्रार्थनागृह पुन्हा बांधले गेले.

या अनुभवानंतर ते वादापेक्षा शिक्षणाकडे अधिक वळले. जावात धार्मिक शिक्षण ‘पेसांत्रेन’ या निवासी पाठशाळांत होत असे. तेथे ‘क्याई’, म्हणजे आदरणीय धर्मगुरू, यांच्याभोवती विद्यार्थी जमिनीवर बसून अरबी ग्रंथ शिकत. दुसरीकडे डच सरकारी शाळांत बाक, फळा, गणित आणि भूगोल होता, पण धर्मशिक्षण नव्हते. दहलान यांनी १९११ मध्ये स्वतःच्याच घरात शाळा भरवून ही दोन्ही शिक्षणे एका छताखाली आणली. मुलांना बाकावर बसवून फळ्यावर धर्म शिकवणे म्हणजे काफिरांचे अनुकरण, अशी टीका त्यांच्यावर झाली. त्यांच्या लेखी मात्र बाक आणि फळा ही निव्वळ साधने होती.

त्यांच्या अध्यापनाची एक हकिकत शिष्यपरंपरेने जपली आहे. कुराणातील ‘अल्-माऊन’ हा सात आयतांचा छोटा अध्याय अनाथाला झिडकारणाऱ्यांची आणि नमाज पढूनही साधी मदत नाकारणाऱ्यांची निर्भर्त्सना करतो. दहलान तोच अध्याय पुन्हा पुन्हा शिकवू लागले, तेव्हा कंटाळलेल्या शिष्यांनी तो आपल्याला केव्हाच पाठ झाल्याचे सांगितले. त्यावर त्याप्रमाणे कोण वागले, असे त्यांनी विचारले आणि शहरातील निराधार मुलांना शोधून आणण्यास, त्यांना साबणाने न्हाऊ घालण्यास, कपडे देण्यास आणि जेवू घालण्यास सांगितले. पाठांतर म्हणजे ज्ञान नव्हे, हा धडा त्यांनी असा गिरवून घेतला.

याच धारणेला संघटित रूप देण्यासाठी त्यांनी १८ नोव्हेंबर १९१२ रोजी ‘मुहम्मदिया’, म्हणजे पैगंबर मुहम्मदांचे अनुयायी, ही संस्था स्थापन केली. डच सरकारने १९१४ मध्ये तिला मान्यता दिली तीही फक्त योग्याकार्तापुरती. दहलान यांच्या पत्नी सिती वालिदा यांनी मुली आणि स्त्रिया यांच्यासाठी वर्ग चालवले आणि त्यांतूनच १९१७ मध्ये ‘आयशिया’ ही स्त्रियांची शाखा आकाराला आली. हा मार्ग सर्वांना पटला असे मात्र नाही. मक्केत अहमद खतीब यांच्याकडेच शिकलेले हाशिम अश्अरी यांनी १९२६ मध्ये ‘नहदलातुल उलेमा’ स्थापन करण्यात पुढाकार घेऊन पारंपरिक पाठशाळांची बाजू सांभाळली, आणि इंडोनेशियातील या दोन सर्वांत मोठ्या मुस्लिम संघटनांची मुळे अशी एकाच गुरूच्या शिष्यवर्गात सापडतात.

दहलान यांचे निधन २३ फेब्रुवारी १९२३ रोजी झाले. त्याच महिन्यात, त्यांच्या निधनाआधीच, मुहम्मदियाने योग्याकार्तात दवाखाना सुरू केला आणि पुढे त्याचेच मोठे रुग्णालय झाले. काही निराधार मुलांना न्हाऊ घालण्यापासून सुरू झालेला ‘अल्-माऊन’चा पाठ गुरूच्या हयातीतच आजाऱ्यांच्या खाटेपर्यंत पोहोचला होता.